भूमीच वैरी असलेले जग

कल्पनाविश्वात घडणाऱ्या भूमिकाखेळांत, म्हणजे ज्यांना खेळाडू 'रोलप्लेइंग गेम' किंवा थोडक्यात 'आरपीजी' म्हणतात त्या खेळांत, चार-पाच जण टेबलाभोवती बसून प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आणखी एक जण त्या पात्रांभोवतीचे सारे जग, त्यातील माणसे, श्वापदे, हवापाणी आणि संकटे सांभाळतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या सर्वांत प्रसिद्ध खेळात या सूत्रधाराला डंजन मास्टर किंवा नुसते 'डीएम' म्हणतात, तर महिनोन्महिने चालणाऱ्या सलग कथेला 'कॅम्पेन' म्हणतात. दीर्घ कॅम्पेनमध्ये कधी ना कधी पात्रांना ओळखीचे जग सोडून एखाद्या 'प्लेन'वर जावे लागते. प्लेन म्हणजे स्वतःचे वेगळे निसर्गनियम असलेले, आपल्या जगाला समांतर कल्पिलेले दुसरे जग. त्यांतही जे प्लेन पाहुण्याचे वाईट चिंतते ते रचणे ही डीएमच्या कलेची कठीण परीक्षा असते, कारण राक्षसांची संख्या वाढवून किंवा लाव्हाच्या नद्या सोडून ते काम भागत नाही. ज्या जगाच्या नियमातच वैर मुरलेले आहे आणि ज्याचा तो नियम पात्रांच्या परस्परांवरील भिस्तीला पोखरतो, तेच जग खेळाडूंच्या मनात घर करते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स यांनी 1977 च्या जुलैमध्ये 'द ड्रॅगन' या नियतकालिकातील लेखात विश्वाच्या अनेक प्लेन्सची कल्पना मांडली आणि 1978 च्या 'प्लेअर्स हँडबुक'च्या परिशिष्टात तिला व्यवस्थित रूप दिले. पात्रांच्या नैतिक कलांनुसार, म्हणजे ती सज्जन की दुर्जन आणि शिस्तप्रिय की स्वैर यांनुसार, यांतील बरीच जगे मांडलेली होती आणि त्यांची नावे जुन्या धर्मकथांतून व काव्यांतून उचललेली होती. हेडीस व टार्टरस ग्रीकांकडून आले, गेहेना हे नाव जेरुसलेमजवळच्या हिन्नोम दरीवरून आले, पँडेमोनियम हे मिल्टनच्या महाकाव्यातून. भारतीय परंपरेतूनही उचल झाली. 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आला तो वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा आणि रेशमी झगा घालून आरामात बसलेला. रामायण-महाभारत ऐकत वाढलेल्या वाचकाला तो ओळखू येत नाही, आणि या खेळातील उसनवारी किती मोकळेपणाने होते हेही त्यातून कळते. ही मोकळीक आज मराठी डीएमलाही तितकीच आहे. 1987 साली जेफ ग्रब यांच्या 'मॅन्युअल ऑफ द प्लेन्स'ने या सर्व जगांचे सविस्तर वर्णन केले आणि तेव्हापासून वैरी जगांच्या रचनेचे चांगले-वाईट नमुने अभ्यासाला उपलब्ध झाले.

वाईट नमुना आधी पाहणे उपयोगाचे आहे. या विश्वात 'निगेटिव्ह एनर्जी प्लेन' नावाचे एक जग आहे, जे म्हणजे निव्वळ काळोख आणि जीवनशक्ती शोषणारी पोकळी. 2001 च्या 'मॅन्युअल ऑफ द प्लेन्स'मधील नियमानुसार त्याच्या सौम्य भागात पात्राला दर फेरीला, म्हणजे खेळातील दर सहा सेकंदांना, एका फाशाएवढी इजा होते आणि तीव्र भागात दर फेरीला त्याचा जीवच कमी कमी होत जातो. याहून अधिक वैरी जग कागदावर सुचणे अवघड आहे, तरीही एवढे निष्फळ जगही दुसरे सापडणार नाही. तिथे जाणाऱ्याला दोनच वाटा उरतात: संरक्षक मंत्र असेल तर त्या जगाचा काहीच परिणाम होत नाही आणि मंत्र नसेल तर मिनिटभरात मरण येते. या दोहोंच्या मध्ये खेळाडूला ठरवण्यासारखे काही उरत नाही आणि जिथे ठरवण्यासारखे काही नाही तिथे भीतीही फार काळ टिकत नाही, कारण भीती ही पुढे काय होईल याच्या विचारातून वाढते आणि इथे विचाराला जागाच ठेवलेली नाही.

पुढच्या काळातील लेखकांनी ही उणीव ओळखली. 2014 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये हेडीस या निस्तेज, रंग उडालेल्या जगासाठी दिलेला नियम पाहण्यासारखा आहे. तिथे प्रत्येक पूर्ण विश्रांतीच्या शेवटी पात्राला 'सेव्हिंग थ्रो' करावा लागतो, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या गुणांची भर घालून ठरलेला आकडा गाठावा लागतो. आकडा चुकला की थकव्याची एक पायरी चढते आणि त्या जगात असेपर्यंत ती उतरत नाही. एरवी सहाव्या पायरीला पात्र मरते, परंतु हेडीसमध्ये ते मरत नाही. त्याची एक अळी होते, जिला त्याचाच चेहरा असतो आणि जी तेथील हाटात चलनासारखी फिरते. या नियमाची करामत अशी की शिक्षा विश्रांतीशी जोडलेली आहे. जखमा भरायच्या तर झोपायला हवे, आणि झोपले तर त्या जगाचा हात एक बोट पुढे सरकतो. खेळाडू आपसात हिशेब करू लागतात की आज मुक्काम करायचा की जखमी अवस्थेतच पुढे जायचे, आणि त्या कुजबुजीत त्या जगाचे वैर जितके जाणवते तितके ते डीएमच्या कोणत्याही वर्णनातून जाणवत नाही.

त्याच ग्रंथातील 'शॅडोफेल' या छायाजगासाठी दिलेला पर्यायी नियम अधिक सौम्य आहे, पण मनाच्या अधिक जवळ जाणारा आहे. डीएमला योग्य वाटेल तेव्हा, मात्र सहसा दिवसातून एकदाच, पात्राला असा फासा टाकायला लावता येतो, आणि तो फसला तर पात्राला खिन्नता ग्रासते: कधी उदासीनता, कधी धास्ती, तर कधी भ्रम. प्रत्येकाचा खेळावर वेगळा परिणाम होतो आणि विश्रांतीनंतर त्यातून सुटण्याची संधीही मिळते. पँडेमोनियममध्ये, जिथे अखंड खडकातील बोगद्यांतून वारा घोंगावत राहतो आणि जी भिंत जवळ असेल तीच पायाखालची जमीन होते, त्या वाऱ्याच्या आवाजात काढलेला प्रत्येक तास मनाला थकवतो. हे नियम चांगलेच आहेत, पण त्यांचा रोख एकेकट्या पात्रावर आहे.

गेहेनाचा नियम मात्र या सर्वांच्या पलीकडे जातो. पोकळीत तरंगणारे ज्वालामुखी आणि कुठेही सपाट न होणारे त्यांचे उतार, हे त्याचे बाह्य रूप तसे साधेच. त्याचा खरा विखार असा, की तिथे कोणी दुसऱ्याच्या भल्यासाठी मंत्र टाकू लागला, मग तो जखम भरण्याचा असो वा बाधा दूर करण्याचा, तर आधी त्याला फासा टाकून ते जग परवानगी देते की नाही हे पाहावे लागते, आणि फासा फसला तर मंत्रही वाया जातो व पाळीही. म्हणजे त्या जगात मारणे नेहमीइतकेच सोपे राहते आणि जगवणे तेवढे अवघड होते. भूमिकाखेळ हा मुळात सहकार्याचा खेळ आहे. पुजाऱ्याचे पात्र लढवय्याला बरे करणार आणि लढवय्या पुजाऱ्याच्या पुढे ढाल धरणार हा अलिखित करार प्रत्येक टोळीत असतो. गेहेना त्या कराराच्या मुळावरच येतो. सामान्य परिस्थितीत ज्याची कोणी दखलही घेत नाही अशी एक साधी मदत तिथे जुगार होते आणि ती फसल्यावर टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यासाठी डीएमला वेगळे नाट्य रचावे लागत नाही. अवघ्या तीन-चार वाक्यांच्या या नियमाला वैरी जगाच्या रचनेतील आदर्श म्हणावे लागेल.

दुसरी एक जुनी वाट 'रेव्हनलॉफ्ट'ने दाखवली. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने 1983 साली लिहिलेल्या या साहसकथेत बारोव्हिया नावाचा प्रदेश दाट धुक्याने वेढलेला आहे. आत येता येते, बाहेर जाता येत नाही, आणि त्याचा स्वामी स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार स्वतःही तिथे अडकलेला आहे. 1990 साली या एका प्रदेशाचे अशा अनेक बंदिस्त प्रदेशांच्या जगात रूपांतर झाले, आणि तेव्हा त्यात एक विलक्षण नियम आला. पात्राने दुष्कृत्य केले की तेथील अदृश्य शक्ती त्याची दखल घेतात की नाही हे फाशांवर ठरते, आणि त्यांनी दखल घेतली तर त्या शिक्षा करत नाहीत, बक्षीस देतात: एखादे बळ, एखादी सिद्धी, आणि तिच्याबरोबर शरीरावर किंवा स्वभावावर एक खूण. हे वाढत गेले तर शेवटी ते पात्र खेळाडूच्या हातून जाते आणि स्वतःच एका नव्या तुरुंगवजा प्रदेशाचे स्वामी होऊन बसते. जे जग मारत नाही, सामावून घेते, त्याची दहशत सरळ हल्ला करणाऱ्या जगाहून जास्त असते, कारण तिथे पात्राच्या प्रत्येक पराभवावर त्याचीच सही असते.

इतके असले तरी नियम कितीही चतुर असो, तो खेळाडूंना कळण्याजोगा नसेल तर व्यर्थ जातो. 1996 साली ब्रूस कॉर्डेल यांनी 'द गेट्स ऑफ फायरस्टॉर्म पीक' या साहसकथेतून 'फार रेल्म' हे जग खेळात आणले. मानवी बुद्धीला अगम्य असे काही दाखवण्याची ती कल्पना लव्हक्राफ्टच्या भयकथांच्या वळणाची आहे. पण अगम्यतेचे दर्शन काही क्षणांपुरतेच शोभते. तिथे तीन-तीन सत्रे काढायची तर कार्यकारणाचा धागा लागतो, नाहीतर खेळाडू हात-पाय गाळून डीएम पुढे काय सांगतो याची वाट पाहत बसतात. म्हणून वैरी जगाचा नियम आधी झाकलेला, मग अंधुक दिसणारा आणि शेवटी लखलखीत होणारा असावा. जस्टिन अलेक्झांडर यांनी भूमिकाखेळांतील रहस्यकथांसाठी सांगितलेला संकेत इथेही लागू पडतो: जो निष्कर्ष खेळाडूंनी काढायला हवा त्यासाठी किमान तीन दुवे पेरावेत, कारण एक त्यांच्या नजरेतून निसटतो, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात आणि तिसरा कामी येतो.

ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी उतरतात हे पाहण्यासाठी एका जगाची रचना इथे अंगाअंगाने करता येईल. तिचे बीज मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. वैदिक अग्निचयनात, म्हणजे विटांची वेदी रचण्याच्या दीर्घ यज्ञविधीत, निर्ऋती या ऱ्हासाच्या देवतेसाठी नैर्ऋत्येला काळ्या विटा ठेवल्या जातात आणि त्या ठेवून झाल्यावर मागे वळून न पाहता परतायचे असते, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. महाराष्ट्रात अंत्यसंस्काराहून परतताना मागे पाहू नये हा संकेत आजही अनेक घरांत पाळला जातो. ग्रीक ऑर्फियसची कथाही याच निषेधावर उभी आहे. या बीजातून असे प्लेन कल्पावे, जिथून परतण्याचा रस्ता एकच आहे, तो मिठागरासारख्या पांढऱ्या, सपाट पठारावरून जातो, आणि त्याचा नियम असा की मागे वळून जो पाहतो त्याला काही होत नाही. मागे ज्याच्यावर नजर पडते तो त्या जगाचा होतो.

निषेधाचा हा छोटासा फेरबदल निर्णायक आहे. पाहणाऱ्यालाच शिक्षा असती तर तो केवळ स्वसंयमाचा प्रश्न राहिला असता. आता मात्र सोबत्याविषयीची काळजी हेच त्या जगाचे शस्त्र बनते. चार पात्रे एकामागे एक चालत आहेत असे धरले तर सर्वांत मागच्याची खबर घेण्याचा एकही मार्ग डोळ्यांना उरत नाही. खेळाडू दोर बांधतील, आणि डीएमने तो बांधू द्यावा, कारण चांगली युक्ती फळली पाहिजे. काही वेळाने दोराला हिसका बसेल. मागच्या पात्राच्या खेळाडूला डीएमने आधीच चिठ्ठी देऊन ठेवलेली असेल, तीत एवढेच लिहिलेले असेल की त्याने हिसका दिलेला नाही, आणि हे तो बोलून सांगू शकतो, पण त्याच्याच आवाजात आणखी कोणीतरी बोलते आहे. आता पुढच्या तिघांनी कोणत्या आवाजावर विश्वास ठेवायचा? ते खुणेचे शब्द ठरवतील, जुन्या प्रवासातील आठवणी विचारून खातरजमा करतील, आरसा वापरता येईल का असे विचारतील. आरशाचा प्रश्न जवळजवळ नक्कीच निघतो आणि त्याचे उत्तर डीएमने आधी ठरवून ठेवलेले असावे. आरशात पाहणे हे पाहणेच, असे ठरवले तर त्याचा इशारा आधी मिळालेला असला पाहिजे, उदाहरणार्थ वाटेत सापडणाऱ्या सामानांत फुटलेल्या आरशांचे तुकडे नेमके पालथे टाकलेले असावेत.

बाकीचे दुवेही असेच रस्त्यावर ठेवता येतात. जाताना लागणाऱ्या मिठाच्या आकृत्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या पुढे, दहा-बारा पावलांवर, कोणीतरी गुडघे टेकून बसल्याच्या खुणा आहेत. पठारावर राहणारे मिठाचे व्यापारी बोलताना नेहमी समोरच्याच्या शेजारी उभे राहतात आणि आपल्या मुलांना कधीही मागून चालू देत नाहीत. जे त्या जगाचे झाले त्यांना मरणाऐवजी तिथला रहिवास मिळतो. ते बोलतात, ओळखतात, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणी राहायला तयार झाला तर सुटूही शकतात. या शेवटच्या अटीमुळे एका चुकीचे पर्यवसान पात्र गमावण्यात न होता नव्या कथानकात होते, आणि टोळीला त्या जगात परत येण्याचे कारण मिळते. शिवाय तिथे पहिल्यांदा जाण्याचेही भक्कम कारण हवे. हरवलेली व्यक्ती, फक्त तिथेच मिळणारे औषध, तिथे दडलेला साक्षीदार, यांपैकी काहीही चालेल, पण ते खेळाडूंना मनापासून हवे असले पाहिजे, कारण वैरी जगात ओढून नेलेली टोळी फक्त दार शोधते.

वर्णनाच्या बाबतीत भरघोस विशेषणांपेक्षा वजाबाकी अधिक उपयोगी पडते. हाडांचे ढीग, रक्ताच्या नद्या आणि किंकाळ्या यांना खेळाडू लवकर सरावतात; पण पावलांचा आवाज येत नाही, जखमेतून रक्त येते आणि त्याला वास नाही, दिवा पेटतो आणि त्याची ऊब लागत नाही, असे एकेक साधे काहीतरी काढून घेतले की ते अंगावर येते. एका सत्रात अशी एकच गोष्ट काढावी आणि तिच्याशी प्रामाणिक राहावे. प्रकाशाचा उपयोग हाही असाच जुना आणि भरवशाचा. 2023 साली आलेल्या 'शॅडोडार्क' या खेळाने तो धाडसाने नव्याने वापरला: तिथे मशाल खऱ्या घड्याळाचा एक तास जळते, त्यामुळे खेळाडू वाद घालत बसले तरी वेळ सरतच राहतो आणि टेबलावरचा काळ व कथेतला काळ एक होऊन जातो. वरच्या मीठपठारावर हेच तंत्र सूर्यास्तासाठी वापरता येईल.

अशा जगात पात्रांनी किती काळ राहावे, याचे उत्तर 'थोडा' असेच आहे. दोन किंवा तीन सत्रांत नियम कळतो, त्याची किंमत मोजली जाते आणि सुटका होते. त्यापुढे तेच दडपण लांबवले तर ते सवयीचे होते. मध्ये एखादे सुरक्षित ठिकाण द्यावे, जसे वरच्या व्यापाऱ्यांचा तळ, जिथे पाठीला पाठ लावून बसता येते आणि जेवणही मिळते. रेव्हनलॉफ्टच्या गावात चर्च आणि गुत्ता आहेत ते याच कारणासाठी. उसंत मिळाली नाही तर पुढचा ताण ताण म्हणून जाणवत नाही.

शेवटची बाब नियमपुस्तकात बसत नाही, पण तिच्यावाचून बाकीचे सारे धोक्याचे ठरते. भय, एकटेपणा, जवळच्या माणसाला मागे सोडून येणे, हे विषय खेळाडूच्या खऱ्या दुःखाला स्पर्श करू शकतात, आणि अंत्यविधीच्या संकेतावर रचलेल्या जगात तर ती शक्यता अधिकच असते. यासाठी बरेच गट कॅम्पेनच्या आधी एक बैठक घेतात, जिला 'सेशन झिरो' म्हणतात. तिच्यात कोणते विषय मुळीच नकोत आणि कोणते आडून सुचवलेले चालतील हे मोकळेपणाने ठरते. जॉन स्टाव्हरोपोलस यांनी रूढ केलेले 'एक्स-कार्ड' हे साधनही उपयोगी आहे: टेबलाच्या मध्यभागी फुलीचे चिन्ह असलेले एक कार्ड ठेवायचे, ज्याला चाललेला प्रसंग सोसवत नसेल त्याने त्याला बोट लावायचे, आणि डीएमने कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. मीठपठारावर खेळणाऱ्या गटात नुकतेच कोणाच्या घरी मृत्यू घडला असेल तर डीएमने ते जग त्या वर्षापुरते बाजूला ठेवून गेहेनाचे उतार निवडावेत, आणि पठाराचा नकाशा जपून ठेवावा.